भाड्याचे विमान आणि भरवशाचा प्रश्न

तालुक्याच्या गावात पूर्वी सायकली तासाच्या भाड्याने मिळत. दुकानदार वहीत वेळ लिहून घेई आणि सायकल हातात देण्याआधी एकच प्रश्न विचारी, 'कोणाचा रे तू?' मुलाने बापाचे नाव सांगितले, मोहल्ला सांगितला, की काम झाले. मुलाला सायकल नीट चालवता येते का, वेळेवर ब्रेक लावता येतो का, याची चौकशी क्वचितच होई. सायकल मोडली तर पैसे कोणाकडे मागायचे, एवढे दुकानदाराला कळले म्हणजे पुरे असे. खरे पाहता सायकल मुलाला मिळतच नसे. ती बापाच्या अब्रूला मिळे. ज्याच्या बापाला गावात अब्रू नव्हती किंवा जो गावात नवा होता, त्याला अनामत ठेवावी लागे. तीही नसली तर पायी चालावे लागे.

हा 'अनामत' शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. उर्दूत 'अमानत' आहे, मराठीत 'अनामत' आहे. दोन्ही एकाच अरबी शब्दाची रूपे. मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि पुढे वापरात अर्थही सरकला. आजच्या मराठी व्यवहारात अनामत म्हणजे घेणाऱ्याने आधी भरलेली रक्कम. त्याचा भरवसा नाही म्हणून ठेवून घेतलेली. अमानत म्हणजे देणाऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू. अनोळखी माणसाच्या हाती आपली वस्तू देताना हे दोन्ही अर्थ एकाच वेळी हजर असतात. आपण त्याच्याकडून अनामत घेतो आणि त्याला अमानत देतो. मग प्रश्न असा, की ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यावर भरवसा टाकायचा तो कशावर? त्याच्या कुळावर, त्याच्या कसबावर, की त्याच्या इमानावर?

हा प्रश्न नीट पाहता यावा म्हणून मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. जवळच्या उदाहरणात आपले रागलोभ फार लवकर मध्ये येतात. उदाहरण आहे परदेशात जाऊन छोटे विमान भाड्याने घेण्याचे.

आपल्यापैकी पुष्कळांना ही गोष्ट नवलाची वाटेल, पण अमेरिकेत ती नित्याची आहे. तेथे लहान लहान विमानतळांवर क्लब आणि शाळा आहेत आणि त्या तासाच्या हिशेबाने विमाने भाड्याने देतात. बहुतेक ठिकाणी दिसणारे विमान म्हणजे सेसना १७२. चार माणसांचे, एका इंजिनाचे. ते प्रथम १९५५ साली उडाले आणि आजवर अशी ४४,००० हून अधिक विमाने बनली. इतक्या संख्येने दुसरे कोणतेही विमान बनलेले नाही. विमानात टॅक्सीच्या मीटरसारखे एक घड्याळ असते आणि त्यावर जितके तास पडतील तितके भाडे. ते घेणारा खासगी वैमानिक हा पोटासाठी उडणारा नसतो. त्याला प्रवासी नेऊन पैसे मिळवता येत नाहीत. बरोबरच्यांनी खर्च वाटून घेतला तरी त्याने आपल्या वाट्याइतके पैसे स्वतः भरलेच पाहिजेत, असा तेथील नियम आहे.

आता समजा, भारतात खासगी वैमानिकाचा परवाना मिळवलेला एखादा तरुण अमेरिकेत गेला आणि त्याला असे विमान हवे आहे. त्याच्या मार्गात पहिली अडचण येते ती त्याच्या नागरिकत्वाची नव्हे, विमानाच्या नागरिकत्वाची. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे विमान ज्या देशात नोंदलेले असेल त्या देशाचे ते मानले जाते. भारतीय विमानाच्या अंगावर 'व्हीटी' ही अक्षरे असतात, अमेरिकन विमानाच्या क्रमांकाआधी 'एन' असतो. आणि परवाना लागतो तो विमानाच्या देशाचा. आपला तरुण भारतात नोंदलेले विमान घेऊन गेला असता, तर भारतीय परवाना चालला असता. अमेरिकन विमानात बसायचे तर अमेरिकेने तो परवाना मान्य केला पाहिजे.

त्यासाठी तो अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या ओक्लाहोमा सिटी येथील कचेरीला अर्ज पाठवतो. ती कचेरी भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे विचारणा करते, की हा परवाना खरा आहे काय, तो रद्द किंवा स्थगित तर नाही ना? होकार आला, की त्याला समक्ष जाऊन कागद दाखवावे लागतात. इंग्रजी बोलता-समजता येते याची खात्री पटवावी लागते. मग त्याला अमेरिकन परवाना मिळतो, पण तो स्वतंत्र नसतो. मूळ भारतीय परवाना जोवर जिवंत, तोवरच हाही जिवंत. शिवाय उडण्याआधी शिक्षकाबरोबर निदान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत उजळणी द्यावी लागते.

इतके झाल्यावरही क्लबचा मालक किल्ली देत नाही. तो म्हणतो, आमच्या शिक्षकाला बरोबर घेऊन एक चक्कर मारून या. हे कायद्याने सक्तीचे नाही. मालकाचा आणि विमा कंपनीचा तसा आग्रह असतो. शिक्षक कदाचित पंचविशीचा असतो. तो शेजारी बसून विमान हळू उडवायला लावतो, पंखांची उचल संपेपर्यंत नाक वर करायला लावतो आणि त्यातून सावरायला सांगतो. मध्येच इंजिनाची शक्ती कमी करून विचारतो, आता इंजिन बंद पडले तर कोठे उतराल? मग तीन-चार वेळा उतरवून दाखवायला सांगतो.

आपल्याकडच्या माणसाला येथे राग येण्याचा संभव असतो. 'माझ्याकडे सरकारी परवाना आहे, शेकडो तास उडालो आहे आणि हा पोरगा माझी परीक्षा घेतो?' आपल्या संस्कृतीत एकदा मिळालेला मान पुन्हा तपासणे म्हणजे अपमान. पाहुण्याला आपण ओळखपत्र विचारत नाही. वडीलधाऱ्याला येते का म्हणून विचारत नाही. पण विमानाच्या बाबतीत हा राग टिकत नाही, कारण शिक्षकाच्या प्रश्नाला ठोस कारणे असतात.

जुहूचे उदाहरण घ्या. तेथील फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा. धावपट्टी समुद्राच्या काठाला, जवळजवळ समुद्राच्याच पातळीवर. अशा ठिकाणी शिकलेला माणूस कोलोरॅडोत लेडव्हिलच्या विमानतळावर गेला, तर तेथील धावपट्टीच सुमारे ९,९०० फूट उंचीवर आहे. हवा विरळ. पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी. जुहूत जे विमान थोड्या धावेत उचलले गेले असते, ते येथे धावतच राहते. उन्हाळ्याच्या दुपारी तर विचारायलाच नको. दुसरी गोष्ट उंची दाखवणाऱ्या यंत्राची. भारतात हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांमध्ये. येथील १०१३ म्हणजे तेथील २९.९२. आकडा लावताना एका इंचाची गफलत झाली, तर उंचीत सुमारे हजार फुटांची चूक होते. आपल्या गावची नदी पोहून पार करणारा माणूस परगावच्या नदीत उतरण्यापूर्वी काठावरच्या कोळ्याला उतार विचारतो. त्यात त्याच्या पोहण्याचा अपमान नसतो. नदी निराळी आहे, एवढेच त्याला कळलेले असते.

म्हणजे येथे सायकलवाल्याचा प्रश्न उलटा झाला. 'कोणाचा तू?' असे कोणी विचारत नाही. 'काय येते तुला?' एवढेच विचारतात. आणि या प्रश्नात एक मोठी सभ्यता आहे, कारण त्याचे उत्तर देणे माणसाच्या हातात असते. विमान नीट उतरवले, की उत्तर झाले. आज नाही जमले तर सराव करून उद्या देता येते. कोणाच्या पोटी जन्मलो हे कोणालाही बदलता येत नाही. उतरणे सुधारता येते.

ही सभ्यता आकाशात गेल्यावर आणखी ठळक होते. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत आणि त्यांपैकी जेमतेम ५०० ठिकाणी नियंत्रण टॉवर आहे. बाकी ठिकाणी कोणी हुकूम देणारा नसतो. वैमानिकच एका ठरलेल्या रेडिओ लहरीवर एकमेकांना सांगतात, की मी दक्षिणेला दहा मैलांवर आहे, उतरायला येतो आहे. ऐकणारा त्यावर विश्वास ठेवतो आणि आपले विमान त्याप्रमाणे वळवतो. बोलणारा खोटे सांगत असेल, असे धरून चालले तर कोणालाच उतरता येणार नाही. आणि या संभाषणात माणसाचे नाव नसते. विमानाचा प्रकार आणि क्रमांक, एवढीच ओळख. अब्दुल असो, अनंत असो की अल्बर्ट, रेडिओवर तो 'सेसना' आणि पुढचे आकडे. ज्यांना नाव सांगताच समोरच्याच्या चेहऱ्यावरचा बदल वाचायची सवय लागली आहे, त्यांना या बिननावाच्या भरवशाची किंमत निराळी सांगायला नको.

पण विषय येथेच संपवला तर ती लबाडी होईल. 'काय येते तुला?' हा प्रश्न पुरेसा नाही, हे जगाने ११ सप्टेंबर २००१ रोजी पाहिले. त्या दिवशी विमाने पळवणाऱ्या एकोणीस जणांपैकी वैमानिकाचे काम करणाऱ्यांनी अमेरिकेतल्याच शाळांत शिक्षण घेतले होते. त्यांना उडवता येत होते. कसबाच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर होते. त्यांच्यातल्या दोघांची एक लहानशी गोष्ट नोंदली गेली आहे. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी फ्लोरिडात भाड्याने घेतलेले छोटे विमान मायामीच्या मोठ्या विमानतळावर बंद पडले. ते दोघे ते टॅक्सीवेवर तसेच सोडून निघून गेले. पुढच्या महापातकापुढे ही बाब क्षुल्लक आहे. पण मला ती विसरता येत नाही. ज्याने आपली वस्तू सोपवली त्याचे काय, मागून येणाऱ्या विमानाचे काय, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. अमानत काय चीज असते, हे त्यांना ठाऊकच नव्हते. आणि त्यांच्या दगाबाजीचे देणे मेलेल्यांबरोबर आणखी कोट्यवधी लोकांनी भरले. त्यांच्याशी नाते नसलेल्या, पण नावाने त्यांच्यासारख्या वाटणाऱ्या माणसांनी. विश्वासघाताचा हाच दुष्टपणा असतो. जो विश्वास मोडतो तो आपला एकट्याचा मोडत नाही; मागून येणाऱ्या प्रत्येक परक्याच्या वाटणीचा विश्वास तो खर्च करून टाकतो.

त्यानंतर 'कोणाचा तू?' हा प्रश्न परत आला. अमेरिकेने २००४ साली नियम केला, की परदेशी नागरिकाला तेथे उड्डाण शिकायचे असेल तर आधी सरकारकडे आपली माहिती आणि बोटांचे ठसे द्यायचे आणि सरकारने पूर्वेतिहास तपासल्यावरच शिक्षण सुरू व्हायचे. २०२४ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले, पण तपासणी कायम आहे. हा अन्याय म्हणायचा काय?

मला वाटते, येथे घाईने उत्तर देऊ नये. चौकशी न्यायाची की अन्यायाची, हे ठरवायला तीन कसोट्या लावून पाहाव्यात. ती सर्वांची होते काय? तिला ठराविक उत्तर आहे काय? आणि ती कधी संपते काय? वरचा नियम कागदावर तरी या कसोट्यांना उतरतो. तो ब्रिटिश माणसालाही लागू आहे आणि ब्राझीलच्या माणसालाही. ठसे दिले, तपासणी झाली, की माणूस विमानाकडे चालू लागतो. पण त्याच वर्षांत दुसरीही एक चौकशी चालू होती आणि ती कोणत्याही नियमपुस्तकात नव्हती. नाव ऐकून बसणारी भुवई, पुन्हा पुन्हा उघडली जाणारी बॅग, उत्तर देऊनही शिल्लक राहणारा संशय. तिच्यात विचारणाऱ्याला उत्तर नकोच असते. आपल्याकडे घर भाड्याने घ्यायला गेलेल्या माणसाला ही चौकशी चांगली परिचित आहे. नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते, नाव सांगितल्यावर ती कालच दिलेली असते. मुसलमान म्हणून ओळख असल्याने घर मिळणे कठीण जाते, ही गोष्ट २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही नोंदली गेली. विमानाच्या मालकाने कसब तपासून किल्ली दिली. घराच्या मालकाने काही न तपासताच दार लावले. दोघांनाही आपल्या मालमत्तेची काळजी होती, असे म्हणता येईल. पण एकाने समोरच्याला उत्तर द्यायची संधी दिली, दुसऱ्याने दिली नाही. अपमान त्या न मिळालेल्या संधीत आहे.

इथपर्यंत वाचकांपैकी बहुतेक माझ्याशी सहमत होतील. आता जे म्हणायचे आहे ते थोडे कडू आहे. 'कोणाचा तू?' हा प्रश्न दार लावतो तेव्हा आपल्याला त्याचा संताप येतो. तोच प्रश्न दार उघडतो तेव्हा मात्र आपण तक्रार करत नाही. जमातीच्या संस्थेत नोकरी देताना, मोहल्ल्याच्या पतपेढीत कर्ज देताना, ट्रस्टचा हिशेब कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवताना 'आपला माणूस आहे, काय विचारायचे?' असे म्हणून कसबाचा प्रश्न आपणच गुंडाळून ठेवतो. हिशेब मागितला तर 'माझ्यावर अविश्वास दाखवता?' असे म्हणून माणूस रुसतो आणि आपण ओशाळून गप्प बसतो. मग पैसा बुडतो आणि बुडतो तो बहुधा गरिबाचा. ज्याला नावावरून होणारा संशय नको आहे, त्याने नावावरून मिळणारी सूटही नाकारली पाहिजे. दोन्ही एकाच प्रश्नाच्या बाजू आहेत. एक ठेवून दुसरी टाकता येत नाही. क्लबचा मालक आपल्या सख्ख्या भावालाही शिक्षकाबरोबर चक्कर मारायला लावतो आणि भाऊ रागावत नाही. इतका साधा शिष्टाचार आपण शिकलो, तर आपल्या संस्थांचे निम्मे दुखणे बरे होईल.

राहिला तिसरा आधार, इमानाचा. कुळ विचारून झाले, कसब तपासून झाले, किल्ली हातात आली. विमान वर गेल्यावर मालक बरोबर नसतो. मीटर तास मोजतो. त्या तासांत विमानाला कसे वागवले हे तो मोजत नाही. समजा उतरताना अंदाज चुकला आणि विमान नाकाच्या चाकावर जोराने आदळले. सेसनात अशा वेळी इंजिनामागची पत्र्याची भिंत वाकण्याची शक्यता असते. बाहेरून पाहणाऱ्याला ते चटकन दिसत नाही. कार्यालयात एक वही असते आणि तिच्यात विमानातला बिघाड लिहायचा असतो. लिहिले तर दुरुस्तीचा खर्च गळ्यात पडेल. क्लबचा विमा बहुतेक वेळा क्लबला राखतो. विमा कंपनी भरपाई देऊन झाल्यावर ती भाडेकरूकडून वसूल करायला येऊ शकते. म्हणून जाणते वैमानिक भाडेकरूचा निराळा विमा उतरवतात. पण विमा पैशाचा प्रश्न सोडवतो, वहीत लिहायचे की नाही हा प्रश्न सोडवत नाही. परक्या देशात, दोन दिवसांनी परत जायचे असताना, कोणी पाहिलेले नसताना.

अनामत येथे निकामी होते, कारण ती मालकाच्या नुकसानीपुरती असते. पण वाकलेल्या पत्र्याचा धोका मालकाला नाहीच. तो आहे उद्या सकाळी तेच विमान घेऊन जाणाऱ्या माणसाला. तो कोण, त्याच्या शेजारी त्याची बायको असेल की मूल, हे लिहिणाऱ्याला कधीच कळणार नाही. भाड्याच्या वस्तूतली अमानत खरी या पुढच्या माणसाची असते. अमेरिकन नियम म्हणतो, की विमानाची थेट जबाबदारी आणि अखेरचा अधिकार ते चालवणाऱ्या वैमानिकाचा. मालकाचा नव्हे, शिक्षकाचा नव्हे. हा अधिकार मोठा वाटतो, पण त्याचा अर्थ एवढाच, की सबब सांगायला कोणी उरत नाही.

याचे एक जुने उदाहरण आपल्या देशातल्या वैमानिकांचेच आहे. आगाखानांनी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० साली मुंबईचे जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडून पडले होते. टाटांजवळ जादा प्लग होता. तो त्यांनी प्रतिस्पर्ध्याला दिला. अस्पीने आपले जीवरक्षक जाकीट त्यांना दिले. शर्यत अस्पीने जिंकली. पुढे तो भारताचा हवाई दलप्रमुख झाला. त्या परक्या तळावर बक्षिसाचा कोणी पंच उभा नव्हता. प्लग न दिल्याबद्दल टाटांना कोणी जाब विचारला नसता. आणि प्रतिस्पर्ध्याच्या हातचा प्लग इंजिनात बसवून वाळवंटावरून उडणाऱ्या अस्पीनेही भरवसाच टाकला होता.

जगाने आपल्याला काय विचारावे हे आपल्या हातात नाही. कोणी बापाचे नाव विचारील, कोणी कसब विचारील, कोणी नाव ऐकूनच पाठ फिरवील. योग्य प्रश्न विचारला जावा म्हणून भांडत राहिलेच पाहिजे, आणि आपणही दुसऱ्याला योग्य तोच प्रश्न विचारला पाहिजे. पण एक प्रश्न असा उरतो, जो कोणतेही सरकार, कोणताही मालक विचारू शकत नाही. विमान जागेवर आणून उभे केले, पंख आणि शेपूट दोरांनी जमिनीला बांधले, मीटरचा आकडा टिपला, की कार्यालयातली ती वही समोर येते. तिच्यात काय लिहायचे हे त्या वेळी एकट्यालाच ठरवायचे असते, आणि ते वाचणार असतो तो आपल्याला कधीही न भेटणारा पुढचा माणूस.